'खासगी संग्रह, स्वित्झर्लंड' यांस अनावृत पत्र

श्रीयुत 'एक खासगी संग्राहक' यांस,
मुक्काम जिनिव्हा, लंडन, न्यूयॉर्क, बँकॉक किंवा तूर्त जिथे असाल तिथे.

स. न. वि. वि.

प्रथम मनःपूर्वक अभिनंदन. युद्धानं होरपळलेल्या देशांतल्या कलावंतांचं काम परदेशी रसिकांपुढे नेण्याचं जे व्रत तुम्ही इतकी वर्षं चालवलंय, त्याला तोड नाही. बाकीच्यांना यासाठी काय काय उरस्फोड करावी लागते! संस्था अनुदानाचे अर्ज भरतात, कलावंत व्हिसासाठी वकिलातीच्या पायऱ्या झिजवतात आणि वर्षभराच्या खटाटोपानंतर चार चित्रं आणि एक वादक कसेबसे बाहेर पडतात. तुम्हाला यातलं काहीच लागत नाही. निमंत्रण नको, व्हिसा नको, कलावंत तर अजिबातच नको. एक युद्ध पेटलं की तुमचं भागतं.

तुमचं खरं नाव मला ठाऊक नाही, तो दोष तुमच्या विनयाचा. लिलावाच्या कॅटलॉगात मूर्तीखाली बारीक अक्षरात 'खासगी संग्रह, स्वित्झर्लंड' एवढंच छापलेलं असतं. आमच्याकडे देवळाला एक फरशी दिली तरी माणूस तिच्यावर आजोबांचं नाव कोरून घेतो, वर 'यांच्या स्मरणार्थ' असंही लिहितो. तुम्ही लाखो डॉलरचा देव विकता आणि नावाचा हट्ट धरत नाही. संतपणाची ही पायरी आमच्या संतांच्या जिल्ह्यालाही गाठता आलेली नाही.

मी भोकरदनचा. जिल्हा जालना. हे नाव तुमच्या कॅटलॉगात कधी आलं नसेल, पण तुमच्या धंद्याशी आमच्या गावाचं जुनं नातं आहे आणि पत्र लिहिण्याचं कारणही तेच.

१९३८ साली इटलीत पाँपेईच्या राखेखाली पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मायुरी यांना एक हस्तिदंती बाई सापडली. उंची जेमतेम वीतभर. अंगावर वस्त्र नाही, पण दागिने इतके की वस्त्राची आठवण होऊ नये. मनगटापासून वर चढत गेलेल्या बांगड्या, पायांत जड वाळे आणि दोन्ही बाजूंना शृंगाराचं सामान धरून उभ्या असलेल्या दोन छोट्या दासी. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसनं ते शहर पुरलं तेव्हा ही बाई कुणा रोमन गृहस्थाच्या घरात होती. लोक तिला 'पाँपेईची लक्ष्मी' म्हणू लागले. ती लक्ष्मी नसावी, यक्षी असावी, असं पुढे अभ्यासकांनी सांगितलं. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. डोक्यात वरून भोक आहे, त्यावरून कुणी तिला आरशाची मूठ म्हणतं, कुणी लाकडी चौरंगाचा पाय.

मग १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी भोकरदनला उत्खनन केलं. डॉ. शां. भा. देव आणि डॉ. र. शं. गुप्ते यांनी त्याचा अहवाल पुढच्याच वर्षी छापला. (उत्खननाचा अहवाल पुढच्याच वर्षी! या एका चमत्कारावर वेगळा लेख होईल.) त्या खणण्यात एक तुटकी हस्तिदंती बाई निघाली. पाँपेईच्या बाईची बहीण शोभावी अशी. हिच्याही बाजूला सेविका आहेत. मराठवाड्यातल्याच तेरला अशीच तिसरी सापडलेली होती. पाँपेईची बाई आमच्याच बाजूला, सातवाहनांच्या मुलखात घडली असावी, असं म्हणणाऱ्यांना तेव्हापासून बळ मिळालं. वाद अजून संपलेला नाही. पाँपेईच्या बाईच्या तळाशी एक खरोष्ठी अक्षर आहे आणि ती लिपी वायव्येकडची, म्हणून काही जण तिकडे बोट दाखवतात. भांडण चालू आहे आणि चालू राहो. असं भांडण करता येणं ही केवढी श्रीमंती आहे, हे तुम्हाला पुढे सांगणारच आहे.

तेव्हाच्या भोगवर्धनात, म्हणजे आजच्या भोकरदनात, सगळं शांत होतं असं समजू नका. पहिल्या शतकात आणि त्याच्या आगेमागे पश्चिमेकडचे क्षहरात आणि इकडचे सातवाहन यांची जुंपलेली होती. 'पेरिप्लस' या जुन्या सागरी मार्गदर्शिकेचा ग्रीक लेखक सांगतो की कल्याण बंदरात चुकून शिरलेली ग्रीक गलबतं पहाऱ्यात भडोचला नेली जात. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला १९०६ साली तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. सगळी क्षहरात राजा नहपानाची, आणि त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा ठसा पुन्हा ठोकलेला. एका राजाचा चेहरा दुसऱ्यानं हातोड्यानं मिटवावा, असा तो काळ. बंदरं बंद, वाटा धोक्याच्या, पण इकडचा माल बाहेर जायचा थांबला नाही. कारागिरानं बाई घडवली, व्यापाऱ्यानं मोल दिलं, तांड्यानं ती वाहिली, खलाशानं समुद्रापार नेली आणि कुणा रोमन बाईनं ती हौसेनं घरात ठेवली.

म्हणून सांगतो, आम्ही भोकरदनकर कलेच्या निर्यातीच्या विरोधात नाही. नेपल्सच्या बाईला परत आणा, असा मोर्चा आमच्या बसस्टँडवरून आजवर निघालेला नाही. विकलेल्या वस्तूवर दोन हजार वर्षांनी हक्क सांगायला आम्ही काही तुमच्यासारखे वकील बाळगून नाही.

आता बेग्रामकडे येतो. ही जागा तुम्हाला नीट ठाऊक असेल. काबूलच्या उत्तरेला. १९३७ आणि १९३९ मध्ये जोसेफ आणि रिया हाकँ यांच्या फ्रेंच पथकाला तिथे बंद करून ठेवलेल्या दोन खोल्या सापडल्या. आत रोमन काच, चिनी लाखकाम, ग्रीक धाटणीचे प्लास्टरचे साचे आणि शेकडो भारतीय हस्तिदंती पट्ट्या, आसनांना आणि पेट्यांना मढवलेल्या. त्यांवर बायकाच बायका. तोरणाखाली उभ्या, केस विंचरणाऱ्या, पोपटाशी बोलणाऱ्या. आमच्या तुटक्या बाईच्या आतेमामे बहिणी म्हणा. त्या नेमक्या कुठल्या कारखान्यात कोरल्या यावर पंडितांत अजून एकमत नाही, पण भोकरदनचं नाव घेतल्याशिवाय ती चर्चा पुढे जात नाही. निम्मा ऐवज पॅरिसला गीमे संग्रहालयात गेला, निम्मा काबूलला राहिला. हाकँ दांपत्य १९४१ मध्ये बोटीला टॉर्पेडो लागून समुद्रात गेलं. तेही युद्धच, फक्त त्यात तुम्हाला विकण्यासारखं काही हाती लागलं नाही.

काबूलमध्ये राहिलेल्या निम्म्याची गोष्ट मात्र तुमच्या आवडीची आहे. १९८९ च्या सुमारास सोव्हिएत फौजा निघाल्या, तेव्हा पुढे काय वाढून ठेवलंय हे संग्रहालयातल्या माणसांनी ओळखलं. 'बाख्त्रीचं सोनं' नावाचा प्राचीन दागिन्यांचा ठेवा आणि काही निवडक हस्तिदंती काम त्यांनी पेट्यांत भरलं आणि अध्यक्षांच्या राजवाड्यातल्या बँकेच्या तळघरात ठेवून दिलं. संग्रहालयातले ओमारा खान मसूदी आणि त्यांच्या सोबत्यांनी नंतर कितीतरी वर्षं तोंड उघडलं नाही. सरकारं बदलली, दाढ्या वाढल्या, बंदुका रोखल्या गेल्या, विचारणारे विचारून थकले. २००४ मध्ये पेट्या उघडल्या, तेव्हा सगळं जागच्या जागी होतं. पगार वेळेवर न मिळणाऱ्या कारकुनांनी हे केलं, श्रीमान.

जे पेट्यांत मावलं नाही ते संग्रहालयात राहिलं. १९९२ नंतर टोळ्याटोळ्यांची लढाई संग्रहालयाकडच्या दारुलअमानच्या रस्त्यावर आली, १९९३ मध्ये रॉकेट पडून वरचा मजला जळाला आणि मग रीतसर तुमच्या पुरवठादारांची वर्दळ सुरू झाली. संग्रहातलं सुमारे ७० टक्के गेलं असं म्हणतात. बेग्रामच्या बायकाही गेल्या. जो माणूस बंदूक खांद्याला लावून चार दिवसांच्या पिठाच्या भावात हस्तिदंत विकत होता, त्याला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. त्याच्या दारात युद्ध होतं. तुमच्या दारात तळं, तळ्यात हंस आणि कोपऱ्यावर बँक होती.

यानंतर तुमची खरी कलाकुसर सुरू होते आणि इथे मात्र मनापासून टोपी काढतो. काबूलच्या भिंतीवरून उतरलेली वस्तू लंडनच्या टेबलावर येईपर्यंत तुम्ही तिला नवा जन्म देता. तिचे कागद तयार होतात. त्यांत ती १९७० च्या आधीपासून कुणा स्वर्गवासी स्विस डॉक्टराच्या घरी असते, कारण युनेस्कोचा करार १९७० चा आणि तारखेचा तेवढा मान तुम्ही राखता. डॉक्टर नेहमी स्वर्गवासी असतो. त्याची बायको कधी पुरावा द्यायला येत नाही. पंजाब, सिंध, काबूल ही नावं गळून पडतात आणि उरतं 'मध्य आशिया, अंदाजे पहिलं शतक'. आमच्या महसूल खात्यातल्या मुरब्बी माणसालासुद्धा सातबारावरून अख्खं गाव असं गायब करता येणार नाही.

हे गाव गायब करणं, माझ्या मते, चोरीहून मोठं पाप आहे. इथे थट्टा बाजूला ठेवतो. आमची तुटकी बाई कमी मोलाची आहे. तुमच्या लिलावात तिला कुणी हात लावणार नाही. पण ती कुठल्या गावात, कुठल्या थरात, कुठल्या खापरांच्या आणि मण्यांच्या सोबतीनं निघाली ते लिहून ठेवलंय, म्हणून ती बोलते. ती बोलली म्हणून नेपल्सची बाई कुठून आली असेल याचा अंदाज बांधता आला आणि बेग्रामच्या खोल्यांवर प्रकाश पडला. म्हणून पंडितांना भांडता येतं. तुम्ही विकलेली अखंड, देखणी, स्वच्छ घासलेली बाई काचेच्या पेटीत मुकी उभी राहते. तिच्याबद्दल भांडायलाही काही शिल्लक नसतं.

ज्यांनी ही कामं केली त्यांना पत्त्याचं मोल कळत होतं. सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी हे कोरकाम आम्ही केलं असं गावाच्या नावानिशी लिहून ठेवलंय. त्याच सांचीला आणि भारहुतला भोगवर्धनहून आलेल्या माणसांची दानंही नोंदलेली आहेत, आमच्या गावाच्या नावासकट. दोन हजार वर्षांपूर्वी गरीब भिक्खुणीसुद्धा आपण कुठल्या ते दगडावर लिहून जात होत्या. तुमच्या पाचशे पानी चकचकीत कॅटलॉगात तेवढ्या दोन शब्दांना जागा होत नाही. आमचं जालना सळ्यांचं गाव, देशोदेशीचं भंगार इथल्या भट्ट्यांत वितळतं. तिथला भंगारवालासुद्धा गाडी काट्यावर चढवताना आधी विचारतो, माल कुठला?

तुमचं उत्तर मला पाठ आहे. आम्ही उचललं नसतं तर ते नष्टच झालं असतं. आम्ही वाचवलं. तुमच्या धंद्यातले थोर पुरुष डग्लस लॅचफर्ड हेच सांगत गेले. (जन्म मुंबईचा, १९३१ चा. तेव्हा लाजेत थोडा वाटा आमचाही.) बँकॉकमध्ये बसून त्यांनी कंबोडियाचं युद्ध इतक्या आत्मीयतेनं पाहिलं की ख्मेर शिल्पकलेवर जाडजूड पुस्तकंच काढली. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी चोरीचा माल आणि बनावट कागद यांचे आरोप ठेवले, २०२० मध्ये ते वारले, आरोप त्यांच्याबरोबर संपले आणि मुलीनं संग्रह कंबोडियाला परत करायचं ठरवलं.

कंबोडियातल्या कोह केरचा दुर्योधन तर तुम्हाला आठवत असेलच. दहाव्या शतकातलं देऊळ, त्यात भीम आणि दुर्योधन यांचं गदायुद्ध, आजूबाजूला बलराम आणि बाकीची मंडळी बसलेली, असा अख्खा प्रसंग मोठ्या आकाराच्या दगडी मूर्तींत मांडलेला होता. व्यासांची गोष्ट समुद्रापार जाऊन एका ख्मेर कारागिराच्या हाती लागली आणि त्यानं तिचं सोनं केलं. १९७० च्या दशकातल्या यादवीत तुमची माणसं तिथे पोहोचली. महाभारतात भीमानं दुर्योधनाची मांडी फोडली, तुमच्या माणसांनी त्याला घोट्यातून तोडला. पावलं जोत्यावरच राहिली. २०११ मध्ये तोच दुर्योधन न्यूयॉर्कच्या लिलावाला निघाला, अपेक्षित किंमत २० ते ३० लाख डॉलर. पावलं कोह केरला आणि धड न्यूयॉर्कला, हे जुळवून पाहणारे निघाले म्हणून लिलाव थांबला, कोर्टात दोन वर्षं गेली आणि २०१४ मध्ये दुर्योधन, भीम आणि बलराम तिघंही घरी परतले. घोट्यातून तोडण्याला 'वाचवणं' म्हणतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

युद्ध नसलं तरी तुमचं अडत नाही म्हणा. न्यूयॉर्कचे मूर्तिविक्रेते सुभाष कपूर यांना २०११ मध्ये फ्रँकफर्टला अटक झाली आणि २०२२ मध्ये कुंभकोणमच्या कोर्टानं दहा वर्षांची शिक्षा दिली, ती तमिळ गावांतल्या मूर्तींपायी. तिथे कुठली यादवी होती? कुलूप जुनं होतं, इतकंच. आणि युद्धाच्या जागी तुम्ही वाचवणारे असता, तर फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरक्षा परिषदेला सीरियातल्या पुराणवस्तूंचा व्यापार बंद करा असा ठराव का करावा लागला? कारण जमिनीतून उकरलेल्या मालाच्या पैशातून बंदुका येत होत्या. आधी आग, मग पाण्याचा टँकर, आणि दोन्हींच्या नफ्यात भागीदार एकच.

एक आरोप मात्र तुमचा खरा आहे, तो नाकारत नाही. तुम्ही म्हणता, या लोकांना किंमत कुठे आहे? नाहीच. मराठवाड्यात जुन्या वस्तीच्या टेकाडांना पांढर म्हणतात. पिढ्यानपिढ्या आम्ही त्या पांढरीची माती गाडीगाडीनं उपसून धाब्याच्या घरांवर टाकली. सातवाहनांच्या काळातली वस्ती पावसाळ्यात गळू नये म्हणून छपरावर अंथरली. आमची हस्तिदंती बाई पाहायची तर भोकरदनचा माणूस गाव सोडून जातो, कारण ती ठेवायला गावात एक धड खोली नाही. केळणा नदीच्या काठची लेणी पाहायला येणारे हाताच्या बोटांवर मोजावेत. आमदार, नगराध्यक्ष, शाळामास्तर, मी, सगळे त्यात आलो.

पण याच मातीत तेरला रामलिंगप्पा लामतुरे नावाचा माणूस होऊन गेला. तुमच्यासारखाच वस्तू जमवायचा नाद, तुमच्यासारखाच खासगी संग्राहक. शेतात, पांढरीत, पावसानंतर ओघळीत जे जे दिसेल ते उचलायचे. मणी, खापरं, मातीच्या बाहुल्या, नाणी. विकत बसले असते तर तुमच्या शेजारी तळ्याकाठी बंगला झाला असता. तो सगळा ठेवा पुढे राज्य सरकारला दिला गेला आणि तेरच्या संग्रहालयाला त्यांचं नाव आहे. परदेशी अभ्यासक त्या आडगावात एसटीनं येऊन वह्या भरून जातात. प्रेक्षक परदेशी, वस्तू गावची. असंही करता येतं.

आणि जांब समर्थ? तेही आमच्याच जिल्ह्यातलं, घनसावंगी तालुक्यात, रामदास स्वामींचं जन्मगाव. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या मंदिरातल्या पंचधातूच्या मूर्ती रात्रीत गेल्या. गावात चूल पेटेना अशी अवस्था, प्रश्न थेट विधिमंडळात गेला आणि ऑक्टोबर अखेरीस पोलिसांनी मूर्ती परत आणल्या. त्या मूर्तींची लांबी, रुंदी, डोळा, नाक गावातल्या पोराला पाठ होतं. 'खासगी संग्रह, स्वित्झर्लंड' अशी चिठ्ठी लावायला दोन महिने पुरले नाहीत. तुमच्या हस्तकांना एक निरोप द्या, ज्या देवाची रोज आंघोळ होते त्याला हात लावू नका, त्याचे नातेवाईक फार असतात.

बेग्रामच्या बायकांना तसे नातेवाईक उरले नाहीत, म्हणून आम्ही दूरचे का होईना, पण पत्र लिहितोय. लंडनमधल्या एका व्यापाऱ्यानं, तुमच्याच बिरादरीतल्या, बाजारात फिरणाऱ्या वीस पट्ट्या स्वतःच्या पैशानं सोडवल्या. २०११ मध्ये ब्रिटिश म्युझियमनं त्या स्वच्छ करून मांडल्या, लोकांनी रांगा लावून पाहिल्या आणि पुढच्या वर्षी त्या काबूलला गेल्या. परदेशी प्रेक्षकांना काय दाखवायचं ते याच वाटेनं दाखवता येतं. त्या व्यापाऱ्यानंही नाव सांगितलं नाही, तेव्हा तुमच्या शालीनतेला धक्का पोहोचण्याची भीती नाही.

आता काबूलला पुन्हा तालिबान आहे, अशा परिस्थितीत कसं पाठवू, हा तुमचा पुढचा प्रश्न. रास्त आहे. त्यासाठी लांब जायला नको. तुमच्याच स्वित्झर्लंडमध्ये बुबेनडॉर्फ नावाच्या गावी निर्वासित अफगाण वस्तूंसाठी एक संग्रहालय काढलं होतं. अफगाण माणसांनी विश्वासानं दिलेल्या वस्तू त्या संग्रहालयानं सांभाळल्या, यादी ठेवली आणि २००७ मध्ये चौदाशेच्या वर वस्तू काबूलला परत पाठवल्या. एकीलाही स्वर्गवासी डॉक्टर लागला नाही. तेव्हा तिजोरीतल्या पट्ट्यांचे फोटो काढा, मापं लिहा, कुणाकडून कधी घेतल्या ते खरं लिहा आणि यादी युनेस्कोला द्या. वस्तू परिस्थिती सुधारली की जातील, यादी आजच्या टपालानं जाऊ शकते. टपालखर्च जड जात असेल तर कळवा, गणपतीच्या वर्गणीबरोबर तेवढीही वर्गणी काढू.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
एक भोकरदनकर